सावंतवाडीची चितारआळी: दोन दिवसांचा मुक्काम आणि पांगाऱ्याची फळे

सावंतवाडीला येणारे बहुतेक प्रवासी तिथे थांबत नाहीत. कुणाला आंबोलीचा घाट चढायचा असतो, कुणाला वेंगुर्ला किंवा शिरोडा गाठायचे असते, आणि पुष्कळांची गाडी सरळ गोव्याला निघालेली असते. मोती तलावाकाठी उतरून एक फोटो, राजवाड्यात अर्धा तास, चितारआळीतून, म्हणजे लाकडी खेळणी आणि फळे करणाऱ्या चिताऱ्यांच्या गल्लीतून, लाकडी फळांची एक परडी, एवढ्यावर हे गाव आटोपले जाते. आजवर आम्हीही तेच केले होते. यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी आई शुक्रवारी संध्याकाळी रत्नागिरीहून गाडीने निघालो, ते रविवारी रात्री परत येईपर्यंत शहराबाहेर कुठेही न जाण्याचे ठरवूनच. बहुतेक वेळ चितारआळी, उभाबाजार, राजवाडा आणि तलाव एवढ्याच टापूत पायी फिरण्यात गेला. ज्या घरी उतरलो ते घर, जिथे जेवलो ती खानावळ, आणि मुख्य म्हणजे चितारआळीतली खरेदी, यांविषयी जे वाटले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण या आळीतून चांगली वस्तू आणायची तर थोडी माहिती आधी असणे फार उपयोगाचे आहे.

सावंतवाडी रोड हे कोकण रेल्वेचे स्थानक शहरात नाही, ते मळगावला आहे आणि तिथून गावात यायला रिक्षा करावी लागते. मुंबईकरांना दादरहून मध्यरात्रीनंतर सुटणारी तुतारी एक्स्प्रेस इथवर आणून सोडते. केशवसुतांच्या कवितेचे नाव ल्यालेली ही गाडी ज्या गावापाशी थांबते, त्या गावात तलावाच्या काठी केशवसुत कट्टाही आहे, आणि संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळणे कठीण असते. रात्री पोहोचणाऱ्यांनी रिक्षाचे भाडे आधी ठरवून घ्यावे, एवढीच प्रवासाविषयी सूचना.

आमचा मुक्काम उभाबाजाराच्या मागच्या बाजूला एका जुन्या कौलारू घरात होता. घरातली दोन माणसे स्वतः तिथेच राहतात आणि माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. पुढे लोटा म्हणजे ओसरी, लोट्यावर झोपाळा, मागे विहीर आणि परसात पाच-सहा माड. आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. घरच्या काकी कंदिलासारखा एक चार्जिंगचा दिवा घेऊन पायरीवर उभ्या होत्या, कारण वीज गेली होती. “दमलास आसतलास, आदी चाय घेवा,” असे म्हणून त्यांनी सामान आमच्या हातून काढून घेतले. खोली स्वच्छ होती, चादरी धुतलेल्या होत्या, पाणी तांब्याच्या बंबातले कढत. रात्रीचे १८०० रुपये आणि त्यात दोघींची न्याहारी, हा दर मला रास्त वाटला.

उणिवाही सांगायला हव्यात. माडीवर जायचा जिना उभा आणि अरुंद आहे, एका बाजूला फक्त दोर बांधलेला. माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे, तिला तो चढताना दोन्ही वेळा माझा हात धरावा लागला. नोंदणी करताना मी तळमजल्यावरची खोली मागितली होती आणि मिळेल असे सांगितलेही गेले होते, पण प्रत्यक्षात ती दुसऱ्या पाहुण्यांना दिलेली होती. काकींना त्याचे मनापासून वाईट वाटले, तरी गैरसोय ती गैरसोयच. दुसरे म्हणजे डास. परसात विहीर आणि झाडी असल्यावर ते असणारच, पण मच्छरदाणी मागितल्याशिवाय दिली गेली नाही. ज्यांच्याबरोबर वडीलधारी माणसे आहेत त्यांनी अशा घरात उतरताना जिन्याची चौकशी फोनवर नीट करावी.

न्याहारीला पहिल्या दिवशी घावणे आणि नारळाची चटणी, दुसऱ्या दिवशी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. घावणे जाळीदार, कडेला किंचित कुरकुरीत आणि मध्ये मऊ. पीठ आदल्या दिवशीचे नव्हते हे पहिल्या घासातच कळले. पण मला या घरातली जी गोष्ट सगळ्यांत जास्त लक्षात राहिली ती न्याहारी नव्हे. शनिवारी सकाळी काकी मागच्या पडवीत ओले काजू सोलत बसल्या होत्या. हाताला राख चोळलेली, समोर विळी, बाजूला पाण्याचे पातेले. कोवळ्या काजूच्या हिरव्या सालीतले तेल कातडीला लागले की चटका बसून कातडी सोलवटते, म्हणून ही राख. त्या बी विळीवर उभी धरून दोन फाकी करत आणि आतला पांढरा गर काडीने अलगद उचलून पाण्यात टाकत. बाजारात हे गर वजनावर नव्हे, शेकड्यावर विकतात, आणि शंभर गर काढायला किती वेळ लागतो हे पाहिल्यावर त्यांचा भाव महाग आहे असे पुन्हा म्हणवत नाही. त्याच काजूगरांची उसळ आम्हांला दुपारी पानात मिळाली, ओल्या नारळाच्या वाटपात, मसाला बेताचा, गराची गोडी पुढे राहील असा.

आता चितारआळीकडे येते. नाव ऐकून एखादी लांबलचक गल्ली डोळ्यांपुढे येते, पण आळी तशी लहान आहे. दुकाने शेजारी शेजारी आहेत आणि दर्शनी भागात छताला लाकडी केळ्यांचे घड, आंबे, पपनस, फणस, वांगी, मिरच्या टांगलेल्या असतात. खाली पोळपाट-लाटणी, जाते, उखळ-मुसळ, चूल, पाटा-वरवंटा अशी भातुकली; शिवाय भोवरे, बैलगाड्या, बाहुल्या, रंगीत काठांचे पाट आणि चौरंग. नुसते पाहत गेले तर अर्ध्या तासात आळी संपते. आम्ही तिथे दोन दिवसांत मिळून सहा-सात तास काढले, आणि आळीचे खरे स्वरूप दुसऱ्या खेपेला कळू लागले.

ते असे की, इथली काही घरे दर्शनी दुकान आणि मागे काम करण्याची जागा अशी आहेत, तर काही नुसती विक्रीची दुकाने आहेत. दोन्हींच्या फळ्यांवर दिसणारा माल वरवर सारखाच. शनिवारी सकाळी एका दुकानात आईने भातुकलीचा एक संच उचलला. रंग झळझळीत, कडा गुळगुळीत, प्रत्येक भांडे अगदी एकासारखे एक. विक्रेत्याने तो इथेच तयार झाल्याचे ठासून सांगितले आणि त्याने सांगितलेल्या किमतीला आम्ही तो घेतला. दुपारी पलीकडच्या एका घरात काम पाहायला बसलो असताना तिथल्या वयस्क चिताऱ्याने पिशवीतून डोकावणारी कळशी हातात घेतली, उलटी केली, बुडाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, “ह्यां हयचां नाय. भायलां आसा.” यंत्रावर कातताना गरगर फिरवून लावलेला रंग, बुडाशी राहिलेल्या बारीक गोल रेघा, आणि लाकडाचा जडपणा, या तीन खुणा त्याने बोटाने दाखवल्या.

बाहेरचा माल वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची, कातीव आणि लाखेने रंगवलेली असतात, त्या कामाला स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा दर्जाही उत्तम असतो. पण ती चन्नपट्टणची म्हणून विकली जावीत. सावंतवाडीच्या लाकडी कामालाही आता भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. असे असताना आळीतल्याच विक्रेत्याने आळीतल्या माणसाच्या हातकामाच्या नावावर दुसरा माल खपवला, तर त्यात गिऱ्हाइकाच्या चार पैशांपेक्षा शेजारच्या कारागिराचे नुकसान मोठे होते. मला हे मनाला लागले. म्हणून माझी पहिली आणि आग्रहाची सूचना अशी की, या आळीत काहीही विकत घेण्याआधी “हे कुणी केले?” एवढे विचारावे, आणि जिथे काम चालू असलेले दिसते तिथूनच घ्यावे. काम करणारा माणूस आपली वस्तू ओळखतो, आणि दुसऱ्याची असेल तर तसे सरळ सांगतोही.

इथल्या फळांसाठी परंपरेने वापरले जाते ते पांगाऱ्याचे लाकूड. कोकणात पांगारा काही नवलाईचा नाही. कुंपणाला, मिरीच्या वेलाला आधार म्हणून तो सर्रास लावतात. आम्ही गेलो त्या दिवसांत तो निष्पर्ण होऊन लालभडक फुलला होता, आणि कुडाळ सोडल्यावर रुळांच्या कडेला आईने तो किती वेळा दाखवला याची मोजदाद नाही. लाकूड म्हणून तो इमारतीच्या कामाचा नाही, फार मऊ आणि हलका. पण नेमका तोच गुण खेळण्याला हवा असतो. पटाशी सहज चालते, आकार पटकन निघतो, आणि तयार झालेले वांगे लहान मुलाच्या हातून पायावर पडले तरी लागत नाही. मात्र लाकूड पुरते वाळलेले असावे लागते. ओल राहिली तर रंगाखाली चीर जाते. आता पांगारा पूर्वीसारखा मिळत नसल्याने आंब्याचे आणि इतर लाकूडही वापरतात, असे आम्हांला दोन ठिकाणी सांगण्यात आले. दोन वस्तू दोन हातांत धरल्या की फरक वजनानेच कळतो.

ज्या घरात आम्ही सर्वांत जास्त वेळ बसलो तिथे एक बाई कारली रंगवत होत्या. आकार त्यांच्या दिरांनी पटाशीने काढून, कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ करून ठेवलेला होता, आणि कारल्याच्या अंगावरचे उंचवटे कोरलेले होते. पहिला फिकट हिरव्या रंगाचा हात वाळला होता. त्या दुसरा, गडद हिरवा रंग घेऊन तो फक्त खळग्यांमधून ओढत होत्या आणि लगेच बोटाला गुंडाळलेल्या चिंधीने उंचवट्यांवरचा रंग पुसत होत्या, त्यामुळे उंचवटा उजळ आणि खोलगट भाग काळसर दिसत होता. देठापाशी त्यांनी पिवळ्याची एक पुसटशी छटा दिली. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की, वेलावरचे कारले पिकायला लागले की कुठेतरी पिवळे पडतेच. एका कारल्याला त्यांना साधारण दहा मिनिटे लागत होती. शेजारी सुपात अशी तीस-पस्तीस कारली होती आणि त्यांतली दोनही एकसारखी नव्हती. सकाळी घेतलेल्या भातुकलीतल्या एकासारख्या एक भांड्यांचे मला जे कौतुक वाटले होते, ते तिथे संपले.

किमतीविषयी सांगायचे तर पाच फळांची लहान परडी आम्हांला ४५० रुपयांना पडली आणि मोठे, अंगावर काटे कोरलेले फणसाचे फळ ६०० रुपयांना. घासाघीस केली नाही, आणि समोर बसून काम पाहिल्यावर ती करवलीही नसती. रंगांबद्दल मात्र एक सावधगिरी सांगते. पूर्वी हे काम वनस्पतींच्या आणि खनिजांच्या रंगांनी, लाखेचा हात देऊन होत असे. आता बाजारातले तयार रंग आणि वॉर्निश वापरले जाते. अगदी तान्ह्या, सगळे तोंडात घालणाऱ्या मुलासाठी घेणार असाल तर कोणता रंग वापरला आहे हे विचारून घ्यावे. एका कारागिराने विचारताच डबा आणून दाखवला, दुसऱ्याने विषय टाळला. आम्ही पहिल्याकडून घेतले.

राजवाडा आळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तो या फेरीतून वगळू नये, कारण चितारआळीतल्या हाताचे सर्वांत बारीक काम तिथे पाहायला मिळते. तेथे दरबार सभागृहात गंजिफा रंगवल्या जातात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ मोगलांबरोबर इराणाकडून आला, पण आपल्याकडे त्याला दशावताराचे रूप मिळाले. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराचा एक असे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, कल्कीच्या पानांवर तलवारी. मोगल पद्धतीच्या गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने असतात. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने उतारी करायची आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने, हा नियम ऐकून आईला विशेष आनंद झाला, कारण रामाचा जन्म भर दुपारचा आणि कृष्णाचा मध्यरात्रीचा हे तिने न सांगताच जोडून घेतले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ संपत आली होती. सत्तरच्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या जुन्या जाणकार चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केले आणि स्थानिक मुलामुलींना शिकवले, म्हणून ती आज उभी आहे. राजघराण्यांच्या वास्तूंमध्ये सहसा बंद कपाटांतल्या वस्तू पाहायला मिळतात. इथे पाहणाऱ्याच्या समोर काम चाललेले असते, आणि मला ते सिंहासनापेक्षा आणि झुंबरांपेक्षा कितीतरी मोलाचे वाटले. आम्ही पाहिले तेव्हा एक मुलगी पानाची कड रंगवत होती. कुंचला धरलेला उजवा हात गुडघ्यावर टेकून अगदी स्थिर होता आणि डाव्या हाताच्या बोटांनी ती पान फिरवत होती. गोल पूर्ण होऊन रेघ जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळाली, आणि सांधा कुठे आहे हे मला जवळून पाहूनही सापडले नाही. मधल्या चित्रासाठी तिने पेन्सिलीची खूणही केलेली नव्हती.

पूर्ण संचाची किंमत अर्थातच लाकडी फळांसारखी नाही, आणि ती असायलाही नको. १२० पाने हाताने रंगवायची आणि वर सरकत्या झाकणाची रंगवलेली पेटी, असे ते काम आहे. ज्यांना संच झेपणार नाही त्यांनी एखाददुसरे सुटे पान किंवा लहान वस्तू घ्यावी. राजवाड्यात जाण्याची वेळ मात्र आदल्या दिवशी विचारून ठेवावी, आणि किमान दोन तास हाताशी असावेत.

जेवणाविषयी थोडक्यात लिहिते. शनिवारी रात्री आम्ही बाजारातल्या एका लहान खानावळीत जेवलो. बांगड्याचे तिरफळ घातलेले सार उत्कृष्ट होते. तिरफळे ठेचून शेवटी घातलेली, त्यामुळे वास टिकला होता. सोलकढी मात्र पातळ होती आणि तिच्यातले नारळाचे दूध दुसऱ्या-तिसऱ्या पिळ्याचे असावे. गर्दीच्या वेळी असे होते हे समजते, पण कोकमाच्या आणि नारळाच्या मुलखात सोलकढी तरी निभावून नेऊ नये असे मला वाटते. कोंबडीवडे घेणाऱ्यांनी दुपारी जावे, रात्री वडे तळून ठेवलेले मिळाले.

संध्याकाळी दोन्ही दिवस आम्ही तलावाला फेरी घातली. दिवे लागल्यावर पलीकडच्या काठावरून राजवाड्याची बाजू पाण्यात दिसते, कॉलेजातली मुले कट्ट्यावर गात असतात, आणि फिरायला आलेली वृद्ध माणसे अनोळखी माणसालाही गाव विचारतात. आईला एका बाईंनी असेच विचारले, आणि दोघी सालईवाड्यातल्या कुठल्याशा जुन्या ओळखीवरून पाऊण तास बोलत बसल्या. फेरी अर्धीच राहिली. श्रीराम वाचन मंदिर हे एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले ग्रंथालय पाहायचे राहून गेले, कारण रविवारची सकाळ पुन्हा आळीतच गेली.

ती अशी गेली की, माझ्या धाकट्या बहिणीला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे आणि आईला पाळण्यावर टांगायचे चिमणाळे हवे होते. आईच्या स्वतःच्या पाळण्यावर सावंतवाडीचे चिमणाळे होते, चार चिमण्या आणि मध्ये पोपट, असे तिची आई सांगत असे. तयार चिमणाळे दोन दुकानांत होते, पण ते हलक्या पत्र्याच्या कड्यांचे आणि घाईत रंगवलेले दिसले. शेवटी कळशी उलटी करून दाखवणाऱ्या त्या चिताऱ्याकडेच आम्ही नवे करून मागितले. त्याने आगाऊ पैसे निम्मेच घेतले, तीन आठवडे लागतील म्हणाला, आणि वहीत आईच्या तोंडून ऐकलेले वर्णन जसेच्या तसे लिहून घेतले.

गेल्या बुधवारी त्याचा फोन आला. पोपट आणि दोन चिमण्या झाल्या होत्या. छताच्या कडीपासून पाळण्यापर्यंत किती हात अंतर आहे, एवढे त्याला विचारायचे होते. बहिणीच्या घरी कडी नाही, लोखंडी चौकटीचा पाळणा आहे, हे आईच्या तेव्हा लक्षात आले. तिने तसे सांगितल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला की, मग दोरी आखूड करतो, खाली चिमण्या तीनच ठेवतो, आणि चौथी वेगळी पाठवतो, पुढे कधी कडीचे घर झाले तर बांधायला.